लहान देशाने अणुकचऱ्याचं नियोजन कसं करावं: स्लोव्हेनियाचं उदाहरण समोर ठेवून

स्लोव्हेनियात अणुवीज केंद्र एकच, आणि तेही अर्धं शेजाऱ्याचं. सावा नदीकाठच्या क्रश्को इथली ही अणुभट्टी युगोस्लाव्हिया एकसंध असताना बांधली गेली आणि १९८३ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली. १९९१ मध्ये देश फुटला आणि तिचा एक मालक सीमेपलीकडे गेला. आज स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया निम्मी निम्मी वीज घेतात. २००३ मध्ये लागू झालेल्या करारानुसार कचऱ्याची जबाबदारीही दोघांवर निम्मी निम्मी आहे. स्लोव्हेनियाची लोकसंख्या जेमतेम २१ लाख, म्हणजे आपल्या नागपूर शहरापेक्षाही कमी. एवढ्या माणसांच्या कर आणि वीजबिलांतून त्यांना हजारो वर्षं सांभाळायच्या गोष्टीची सोय लावायची आहे.

लहान देशांची खरी अडचण किलो-टनांची नसते. कचरा थोडाच असतो, पण तो पुरायचा खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. खोल भूगर्भात जागा करायची तर भूशास्त्रीय अभ्यास, परवाने, उभ्या विहिरी, हवा खेळती ठेवायची यंत्रणा, पंप आणि शिकलेली माणसं हे सगळं लागतंच. मग तिथे शंभर डबे पुरा की पाच हजार. नेदरलँड्समध्ये वीज देणारी अणुभट्टी आज एकच आहे, बोर्सेलेची, ४८५ मेगावॅटची. तरी त्यांच्या भूगर्भीय विल्हेवाटीचा अंदाज सुमारे २ अब्ज युरोंचा निघाला.

त्यामुळे लहान देशाने घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. थांबणं त्याला परवडतं, कित्येकदा तेच योग्यही असतं. पण थांबण्यालासुद्धा मालक, पैसे आणि शेवटची तारीख लागते. या तीन गोष्टी ठरल्या नसतील तर ते नियोजन म्हणता येणार नाही. तो प्रश्न नातवंडांच्या गळ्यात घालणं झालं. पुढच्या पायऱ्यांचा क्रम मी याच हिशेबाने लावला आहे. एस्टोनियासारखे देश आता छोट्या अणुभट्ट्यांचा विचार करत आहेत, आणि त्यांनी हा क्रम पहिली वीट रचण्याआधीच लावून घ्यायला हवा.

पायरी पहिली: घरात काय काय आहे ते मोजा

अणुकचरा म्हटलं की लोकांना अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन आठवतं. प्रत्यक्षात यादी करायला बसलं की ती भलतीकडेच फुटते. स्लोव्हेनियाची यादी बघा. क्रश्कोचं वापरलेलं इंधन. तिथलेच गाळण्या, राळ, हातमोजे, कपडे. लुब्लियानाजवळच्या ब्रिन्ये इथे १९६६ पासून चालणारी छोटी संशोधन अणुभट्टी. इस्पितळांतले आणि कारखान्यांतले जुने किरणोत्सारी स्रोत. शिवाय झिरोव्स्की व्रह इथली १९९० मध्ये बंद पडलेली युरेनियमची खाण. या खाणीचा प्रक्रियेनंतरचा गाळ बोर्श्ट इथल्या डोंगरउतारावर टाकला गेला, आणि तो उतारच हळूहळू सरकतो आहे. अणुवीज केंद्राच्या कुंपणाआड बसून यादी केली असती तर हा सरकता डोंगर तिच्यात आलाच नसता.

यादीत प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी लिहा: कुठलं मूलद्रव्य, किती सक्रियता, कुठल्या रूपात, कोणाच्या ताब्यात. मग अर्धायुष्यानुसार, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणाऱ्या काळानुसार, वाटणी करा. इरिडियम-१९२ चं अर्धायुष्य ७४ दिवसांचं. ते कुलूपबंद खोलीत काही वर्षं ठेवलं की प्रश्न मिटला. कोबाल्ट-६० चं सव्वापाच वर्षं. सीझियम-१३७ चं ३० वर्षं. दहा अर्धायुष्यांनंतर मूळच्या साधारण हजारावा भाग उरतो, म्हणून सीझियमसाठी ३०० वर्षांचा पहारा धरतात. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य मात्र १६०० वर्षांचं आणि प्लुटोनियम-२३९ चं २४,१०० वर्षांचं. इथे पहारेकरी कामाचा नाही, खडकच लागतो. पुढचं सगळं नियोजन या वाटणीवर उभं राहतं, त्यामुळे इथे आळस केला तर पुढे प्रत्येक आकडा चुकतो.

यादी अर्धवट राहिली की काय होतं ते एस्टोनियाने भोगलं आहे. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या तम्मिकु इथल्या साठवणुकीच्या जागेत काही भाऊ भंगार शोधायला शिरले आणि त्यांच्या हाती सीझियमचा स्रोत असलेला धातूचा तुकडा लागला. एकाने तो खिशात घालून घरी नेला. दोन आठवड्यांच्या आत तो दगावला. त्याच्या मृत्यूचं कारण कोणाला उमगलंच नाही आणि तो तुकडा घरातच पडून राहिला. पुढे घरातल्या एका मुलाने तो हाताळला, त्याचा हात भाजला, आणि त्या जखमा पाहून डॉक्टरांना संशय आला, तेव्हा कुठे शोधाशोध सुरू झाली. सोव्हिएत सत्ता गेल्यानंतरच्या त्या नव्या, छोट्या देशाला आपल्या ताब्यात नेमकं काय आलं आहे आणि त्यावर कोणाची नजर आहे, हेच धड ठरवायला वेळ मिळाला नव्हता. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० पोहोचलं आणि एकाचा जीव गेला, त्यामागेही हेच होतं: वापर संपलेल्या उपकरणाचा माग सुटला. यादी दरवर्षी ताजी करा, आणि कागद बघून करू नका. माणूस पाठवा, प्रत्येक डबा डोळ्यांनी बघा, मोजणीयंत्र लावा.

पायरी दुसरी: जबाबदारी तीन ठिकाणी विभागा

धोरण ठरवणारं मंत्रालय, परवाने देणारा नियामक आणि प्रत्यक्ष काम करणारी संस्था, या तिघांची कार्यालयं आणि वरिष्ठ वेगळे हवेत. स्लोव्हेनियाने स्वतंत्र होत असतानाच, १९९१ मध्ये, किरणोत्सारी कचऱ्यासाठी आराओ ही सरकारी संस्था काढली. नेदरलँड्सची कोव्रा १९८२ ची आहे. कोव्राकडे कचरा सुपूर्द केला की त्याची मालकीही कोव्राकडेच जाते. उद्या कारखाना बुडाला, इस्पितळ बंद पडलं, तरी कचऱ्याला वाली असतो. मला ही पद्धत फार पटते.

युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाने प्रत्येक सदस्य देशाला राष्ट्रीय कार्यक्रम लिहायला लावला आणि अंतिम जबाबदारी देशाचीच राहील हेही बजावलं. संघाबाहेरच्या देशांनीही तो मसुदा समोर ठेवायला हरकत नाही.

छोट्या देशात एक पेच हमखास येतो: या विषयातली जाणकार माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. काल नियामकाकडे असलेला माणूस आज कंपनीत आणि उद्या मंत्रालयात. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका न घेताही हे धोक्याचं आहे, कारण सगळे एकाच गुरूकडे शिकलेले असले की सगळ्यांच्या नजरेतून तीच चूक सुटते. म्हणून प्रत्येक मोठ्या टप्प्यावर बाहेरचे परीक्षक बोलवा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आर्टेमिस नावाची तपासणी यासाठीच करते. तिचा अहवाल मायबोलीत भाषांतर करून लोकांसमोर ठेवा.

पायरी तिसरी: वीज विकली जाते तेव्हाच पैसे बाजूला काढा

भट्टी बंद पडली की उत्पन्न थांबतं, खर्च मात्र तेव्हाच सुरू होतो. त्यामुळे पैसे युनिटमागेच गोळा करावे लागतात. स्लोव्हेनियाने क्रश्कोच्या विजेसाठी १९९५ मध्ये असा निधी सुरू केला. क्रोएशियाचा निधी २००७ चा, आणि तिथली वीज कंपनी त्यात वर्षाला १.४२५ कोटी युरो भरत आली. म्हणजे एकाच भट्टीसाठी दोन देशांचे दोन निधी, आणि त्यांच्या सुरुवातीत बारा वर्षांचं अंतर. भट्टी तर त्याआधीपासून वीज विकत होतीच. नव्या देशांनी पहिल्या युनिटपासूनच सुरुवात करावी.

निधीचा आकडा काढताना सगळ्यात निसरडी जागा व्याजदराची. स्वतः गणित करून बघा. समजा शंभर वर्षांनी २ अब्ज युरो, म्हणजे २०० कोटी, हवे आहेत. महागाई वजा जाता वर्षाला २ टक्के परतावा धरला तर आज सुमारे २७.६ कोटी ठेवले की पुरे. १ टक्का धरला तर ७४ कोटी लागतात. परतावा शून्य धरला तर पूर्ण २०० कोटी. एका टक्क्याच्या फरकाने आजच्या ग्राहकाचा भार अडीचपटींहून जास्त बदलतो, आणि शंभर वर्षांचा व्याजदर कोणत्याच अर्थमंत्र्याला ठाऊक नसतो. साहजिकच मोठा दर धरायचा मोह होतो, आजचं बिल हलकं दिसतं. मी म्हणेन, कमी दर धरा, दर पाच वर्षांनी खर्चाचा अंदाज नव्याने काढा, आणि वाढीव रक्कम भट्टी चालू आहे तोवरच वसूल करा.

दोन कलमं कायद्यात हवीतच. हा पैसा सरकारी अंदाजपत्रकात मिसळायचा नाही, आणि भट्टी मुदतीआधी बंद पडली तर तूट कोणी भरायची ते आधीच ठरवायचं.

पायरी चौथी: मधल्या काळाची इमारत शंभर वर्षांची बांधा

भट्टीतून काढलेलं इंधन आधी काही वर्षं पाण्याच्या टाकीत थंड करावंच लागतं. जमिनीखाली पुरण्याआधी त्याची उष्णता आणखी कित्येक दशकं उतरावी लागते, कारण पुरलेल्या डब्याभोवती भरायच्या बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीचं तापमान साधारण १०० अंशांच्या आत राखायचं असतं. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांची साठवण निसर्गतःच वाट्याला येते. छोट्या देशाने हाच काळ पैसे साठवायला आणि शेजाऱ्यांकडून शिकायला वापरावा.

क्रश्कोने पाण्याच्या टाकीवरचा भार कमी करायला कोरडी साठवण बांधली. २०२३ मधल्या पहिल्या फेरीत ५९२ इंधनजुड्या १६ पिंपांत भरून तिकडे हलवल्या. पिंपाभोवती जाड काँक्रीटचं आवरण असतं आणि उष्णता बाहेरच्या हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने निघून जाते. पंप नाही, वीज नाही. टाकीला पाणी आणि पंप दोन्ही सतत लागतात, त्यामुळे हा बदल लवकर केलेला बरा.

नेदरलँड्सची हाबोग ही इमारत मात्र जवळून बघण्यासारखी आहे. व्लिसिंगेनजवळच्या औद्योगिक भागात, समुद्राच्या बांधाआड, भडक नारिंगी रंगाची चौकोनी इमारत आणि तिच्या भिंतीवर हिरव्या अक्षरांत आइन्स्टाइन आणि प्लांक यांची समीकरणं. २००३ मध्ये राणी बेआट्रिक्स यांनी तिचं उद्घाटन केलं. रंगाची कल्पना विल्यम वेरस्ट्रॅटन या कलाकाराची. दर वीस वर्षांनी इमारत आधीपेक्षा फिकट नारिंगीत रंगवायची, आणि शंभर वर्षांत आतल्या कचऱ्याची उष्णता उतरेल तसतशी ती पांढरी होत जाईल. आत बोर्सेलेच्या इंधनावर फ्रान्समध्ये पुनर्प्रक्रिया होऊन, म्हणजे त्यातलं कामाचं युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढून, परत आलेला काचेत बद्ध केलेला कचरा आहे. हाच काचेत ओतण्याचा मार्ग आपल्या तारापूरलाही वापरला जातो. फरक एवढाच की भारताकडे स्वतःचे पुनर्प्रक्रियेचे कारखाने आहेत, छोट्या देशाला ते काम परदेशात करून घ्यावं लागतं आणि कचरा परत घ्यावा लागतो.

रंगाची ही युक्ती मला नुसती शोभेची वाटत नाही. दर वीस वर्षांनी रंगाचा खर्च मंजूर करायला कोणाला तरी फाइल उघडावी लागते, आत काय आहे ते वाचावं लागतं आणि पुढच्या माणसाला सांगावं लागतं. तुमच्या इमारतीलाही अशी ठरावीक मुदतीने येणारी, सगळ्यांना दिसणारी कामं लावून ठेवा.

बांधकामाबाबत तीन गोष्टी आग्रहाने सांगतो. प्रत्येक डबा बाहेर काढून तपासता आला पाहिजे. एक जागा कायम रिकामी ठेवा, म्हणजे बिघडलेला डबा हलवता येईल. आणि डब्याचं माप असं निवडा की उद्या कुठल्याही देशाच्या भुयारात तो बसवता येईल किंवा आतला माल सहज दुसऱ्या डब्यात भरता येईल. पुन्हा डबे भरण्याची सोय मोडीत काढण्याची घाई अनेक ठिकाणी होते. भट्टी पाडताना टाकीही पाडतात, आणि मग डबा उघडायला जागाच उरत नाही.

पायरी पाचवी: कमी तीव्रतेच्या कचऱ्याचं काम आधी हातावेगळं करा

खोल भुयार पुढच्या पिढीत होईल, पण हातमोजे, गाळण्या, पाडकामाचं काँक्रीट यांच्यासाठी थांबायचं कारण नाही. घनफळाने कचऱ्याचा मोठा वाटा हाच असतो. आणि हे काम केल्याशिवाय देशाला परवाने, बांधकाम, लोकांशी बोलणं यांतलं काहीच येत नाही. सोप्या कामावर हात बसू द्या.

स्लोव्हेनियाने यासाठी क्रश्को भट्टीच्या शेजारीच वर्बिना इथली जागा निवडली, २००९ च्या डिसेंबरमध्ये सरकारने ती मंजूर केली. नदीकाठची जमीन, भूजल वर आलेलं, म्हणून नुसते उथळ चर न खणता उभा, खोल काँक्रीटचा कोठार पसंत केला. काँक्रीटच्या पेट्यांत बंद केलेला कचरा त्यात थरावर थर रचायचा, फटी भरायच्या आणि वरून मातीने झाकायचं. जागेची मंजुरी मिळूनही प्रत्यक्ष बांधकाम सुरू व्हायला दशकाहून जास्त काळ गेला. वेळापत्रक बनवताना हे लक्षात असू द्या: परवाने, पर्यावरण मूल्यांकन, सीमेपलीकडच्या शेजाऱ्यांशी सल्लामसलत, यांतलं प्रत्येक काम स्वतंत्रपणे वर्षं खातं.

इस्पितळांतल्या आणि कारखान्यांतल्या बंदिस्त स्रोतांसाठी अरुंद बोअरवेलसारख्या छिद्रात पुरण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने विकसित केली आहे, आणि मलेशिया, घाना यांच्यासारख्या देशांनी तिच्यावर काम केलं. अणुवीज नसलेल्या देशाला बहुधा एवढंच पुरेल. नवा स्रोत विकत घेताना वापरानंतर तो उत्पादकाने परत न्यावा ही अट खरेदीच्या करारातच घाला. संशोधन अणुभट्टीच्या इंधनालाही ही वाट मिळू शकते: स्लोव्हेनियाने ब्रिन्येचं वापरलेलं इंधन १९९९ मध्ये अमेरिकेला परत धाडलं.

पायरी सहावी: गावाला विचारा, आणि त्याचं 'नाही' खरं माना

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण बहुतेक योजना याच पायरीवर कोसळतात.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्लोव्हेनियाने तज्ज्ञांच्या नकाशावरून जागा निवडायला घेतली. स्थानिकांचा कडाडून विरोध झाला आणि १९९३ मध्ये सगळं थांबलं. बेल्जियमने १९९४ मध्ये भूशास्त्रानुसार योग्य अशा ९८ जागांची यादी जाहीर केली. एकूण एक गावांनी नकार दिला. स्वित्झर्लंडमध्ये निडवाल्डन प्रांताने वेलेनबर्गची जागा मतदानाने नाकारली, एकदा १९९५ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये. तिन्ही ठिकाणचे भूशास्त्रज्ञ अडाणी नव्हते. लोकांना निर्णय झाल्यावर कळवलं गेलं, तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

मग बेल्जियमने पद्धत उलटी केली. आधीच अणुउद्योग असलेल्या गावांत स्थानिक भागीदाऱ्या उभ्या केल्या. डेसेलमधली १९९९ ची. गावातल्या संस्था, शेतकरी, पक्ष, शिक्षक अशा लोकांनी स्वतःचे तज्ज्ञ बोलावून, स्वतःच्या प्रश्नांवर आराखडा घडवला. त्यासाठीचा पैसा कचरा संस्थेने दिला, पण काय विचारायचं ते गावाने ठरवलं. कचऱ्याखाली तपासणीची जागा हवी, आरोग्याचा दीर्घकाळ अभ्यास हवा, गावाला उपयोगी पडेल असं केंद्र हवं, अशा अटी त्यातून पुढे आल्या. २००६ मध्ये कमी तीव्रतेच्या कचऱ्यासाठी डेसेलची निवड झाली, २०२३ मध्ये परवाना मिळाला. स्लोव्हेनियानेही दुसऱ्या खेपेला नगरपालिकांना स्वतःहून पुढे यायला सांगितलं, क्रश्को आणि ब्रेझित्से इथे अशाच स्थानिक भागीदाऱ्या केल्या, आणि तेव्हा कुठे वर्बिना ठरली.

फिनलंडने तर कायद्यानेच गावाला नकाराधिकार दिला. वापरलेलं इंधन पुरायच्या भुयाराला एउरायोकीच्या नगरपरिषदेने २००० मध्ये २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला, त्यानंतर २००१ मध्ये संसदेने १५९ विरुद्ध ३ मतांनी शिक्कामोर्तब केलं. नगरपरिषद नको म्हणाली असती तर संसदेलाही पुढे जाता आलं नसतं. माझ्या मते होकार पक्का झाला तो या ताकदीमुळे. ज्याला नाही म्हणता येतं त्याच्याच हो म्हणण्याला किंमत असते, हे कोकणातल्या जैतापूरसारख्या वादांत आपणही पाहिलं आहे. तिथे वाद कचऱ्यापुरता नव्हता, पण आपल्याला विचारलं कधी, हा लोकांचा सवाल तोच होता.

आता सीमेवरच्या गावांचं. क्रोएशियाने आपल्या वाट्याच्या कचऱ्यासाठी चेर्केझोवात्स इथला जुना लष्करी तळ पुढे केला आहे. तो त्र्गोव्स्का गोरा या डोंगरात, उना नदीपलीकडच्या बॉस्नियाला अगदी लागून. बॉस्नियातल्या नोवी ग्रादच्या लोकांना त्या भट्टीची एक युनिट वीज मिळाली नाही, आणि धोका मात्र नदीच्या पाण्यातून आपल्याकडे येईल अशी भीती त्यांना वाटते. क्रोएशियाचे तज्ज्ञ जागा सुरक्षित असल्याचं सांगतात. तरी माझा सल्ला असा: छोट्या देशात जवळजवळ प्रत्येक जागा कोणत्या ना कोणत्या सीमेजवळ पडते, त्यामुळे सल्लामसलतीच्या टेबलावर पलीकडच्या गावांना पहिल्या दिवसापासून खुर्ची द्या, मोजणीच्या यंत्रांचे आकडे त्यांना थेट बघू द्या, आणि स्वतंत्र तज्ज्ञ नेमायला त्यांनाही पैसे द्या.

पायरी सातवी: आपलं भुयार की सामाईक, दोन्ही वाटा चालू ठेवा

भुयाराचा ठोक खर्च बघितला की पाच-सहा देशांनी मिळून एकच करावं हे कोणालाही सुचेल. युरोपात यावर बरंच काम झालं आहे. २०२१ मध्ये एर्डो ही संघटना औपचारिकरीत्या स्थापन झाली, आणि तिच्यात नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे, स्लोव्हेनिया, क्रोएशिया अशा देशांच्या संस्था एकत्र आल्या. अडचण एकच, यजमान कोण होणार? आजवर कुणीही नाही. ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकात परदेशांचा अणुकचरा तिथे पुरायचा पँजिया नावाचा प्रस्ताव उघड झाला, तेव्हा पश्चिम ऑस्ट्रेलियाने कायदा करून तो दरवाजा बंद केला. २०१६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने नागरिकांची सभा बसवली आणि तिथेही बहुमताने नकार आला. फिनलंडने १९९४ मध्येच परदेशी अणुकचरा आणायला कायद्याने बंदी घातली.

तेव्हा सामाईक भुयाराची आशा ठेवा, पण तिच्या भरवशावर स्वतःचा अभ्यास थांबवू नका. नेदरलँड्स, स्लोव्हेनिया असे देश ज्याला दुहेरी वाट म्हणतात ती अशी: देशातल्या खडकाचा अभ्यास, निधी आणि माणसं तयार ठेवायची आणि सोबतच भागीदारही शोधायचे. कायद्यात एक ठरावीक वर्ष लिहा. तोवर सामाईक करारावर सह्या झाल्या नाहीत तर जागेचा शोध आपोआप देशात सुरू होईल. ठरावीक वर्षाची मुदत डेन्मार्कने घातली आहे. तिथे अणुवीज कधीच नव्हती, रिसो इथल्या संशोधन केंद्राचा सुमारे १०,००० घनमीटर कचरा आहे, आणि २०१८ मध्ये संसदेने २०७३ पर्यंत अंतिम विल्हेवाटीची मुदत घालून दिली. मुदत लांबची आहे, पण ती संसदेने लिहून दिली आहे.

क्रश्कोचं प्रकरण बघता सामाईक मालकी म्हणजे सामाईक विल्हेवाट नव्हे, हेही ध्यानात घ्या. एकाच भट्टीचे दोन मालक असूनही कमी तीव्रतेच्या कचऱ्यासाठी त्यांचं एकमत झालं नाही. दोघे आज वेगवेगळ्या जागा बांधायच्या मागे आहेत. वीज वाटून घेण्याच्या करारातच कचऱ्याच्या जागेचाही निकाल लावून घेतला असता तर दोघांचा खर्च वाचला असता.

पायरी आठवी: खडक आणि सुरक्षेचा पुरावा

खडक निवडायला देशाकडे असेल त्यातूनच निवड करावी लागते. फिनलंडचा ग्रॅनाइटसारखा कठीण खडक. स्वित्झर्लंडची ओपालिनस चिकणमाती, जिच्या आधारे नाग्रा या संस्थेने २०२२ मध्ये उत्तर लेगर्न हा भाग सुचवला. नेदरलँड्स आणि बेल्जियमची बूम चिकणमाती. फिनलंडमध्ये ओन्कालो भुयार चारशे मीटरहून खोल आहे. लोखंडी गाभ्याभोवती ५ सेंटिमीटर जाड तांब्याचं आवरण, भोवती पाणी लागलं की फुगून फटी बुजवणारं बेंटोनाइट, आणि त्याबाहेर खडक. एक आवरण निकामी झालं तरी पुढचं उभं राहावं अशी रचना.

छोट्या देशाने स्वतःची भूगर्भ प्रयोगशाळा खणू नये. स्वित्झर्लंडच्या माँ तेरी किंवा बेल्जियममधल्या मोलच्या हाडेस प्रयोगशाळेत परदेशी संस्थांना भागीदारी मिळते. तरुण भूशास्त्रज्ञांना तिथे पाठवा, आणि परतल्यावर त्यांना टिकून राहावंसं वाटेल अशी नोकरी द्या. वेळापत्रकासाठी फिनलंडच नजरेसमोर ठेवा: १९८३ मध्ये सरकारने टप्पे ठरवले, २००४ मध्ये खोदकाम, २०१५ मध्ये बांधकामाचा परवाना. टप्पे सरकारं बदलूनही पुढे चालू राहिले.

सुरक्षेचा पुरावा लिहिताना आसे खाण विसरू नका. जर्मनीतल्या या जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात सुमारे १,२६,००० पिंपं ठेवली गेली. आज तिच्यात पाणी झिरपतं आहे आणि पिंपं परत काढायची तयारी चालली आहे. तयार खाण स्वस्तात मिळाली म्हणून तिथे कचरा ठेवणं किती महागात पडतं, ते यातून कळतं.

पायरी नववी: नोंदी

कमी तीव्रतेच्या कोठाराला ३०० वर्षं जपायचं. ३०० वर्षांपूर्वी पहिल्या बाजीरावाची पेशवाई होती. पेशवाईतली असंख्य मोडी कागदपत्रं आजही पेशवे दफ्तरात जपलेली आहेत, पण ती वाचणारे आता थोडेच. कागद टिकला, वाचणारे विरळ झाले. अणुकचऱ्याच्या नोंदींना याच गोष्टीची भीती आहे, आणि संगणकावरच्या नोंदींचं तर यंत्रच वीस वर्षांत कालबाह्य होतं.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या (ओईसीडी) अणुऊर्जा संस्थेने २०११ ते २०१८ या काळात यावर अभ्यास केला. त्यातली एक शिफारस सगळ्यात वापरण्याजोगी आहे: सामान्य वाचकाला कळेल अशी, साधारण चाळीस पानांची मुख्य माहितीची पुस्तिका. जागा कुठे, आत काय, का पुरलं, खणलं तर काय होईल, आणि सविस्तर नोंदी कुठे मिळतील. ती टिकाऊ कागदावर छापून राष्ट्रीय अभिलेखागार, गावची नगरपालिका, शेजारी देश आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था अशा अनेक ठिकाणी ठेवा. देशाच्या भाषेत छापा, सोबत दोन-तीन मोठ्या भाषांतही. जमिनीच्या नोंदवहीत, म्हणजे आपल्याकडच्या सातबारासारख्या दस्तऐवजात, त्या गटावर कायमचा बोजा चढवा, म्हणजे जमीन विकत घेणारा प्रत्येक माणूस ते वाचेल. दर दहा वर्षांनी पुस्तिका नव्या भाषेत, नव्या शब्दांत पुन्हा लिहायची जबाबदारी नावानिशी एका कार्यालयावर टाका आणि त्याचा खर्च तिसऱ्या पायरीतल्या निधीत आधीच धरा.